बिनमिठाचं खमीर

अशी कल्पना करून बघा. नाईल नदीच्या काठावर पांढऱ्या दगडाचा उंच कडा आहे. कड्यावर गाव. गावात माणसं भरपूर, प्रत्येकाच्या तोंडात धडधाकट जीभ, आणि त्यातली एकही बोलायला कमी पडणारी नव्हे. पण भर सकाळी चिमूटभर पीठ चाखून 'हे खारट आहे' किंवा 'नाही' एवढं सांगायला गावभर एकही जीभ मोकळी नाही. येतंय का डोळ्यांसमोर? दिमियानाच्याही येत नव्हतं. त्या शुक्रवारी तशी जीभ शोधत तिला गावभर पळावं लागलं, तेव्हा आलं.

दिमियाना दहा वर्षांची. तिच्या गावाचं नाव जबल अल-यमाम, म्हणजे पारव्यांचा डोंगर. तिथली माणसं खाणीत दगड कापतात, आणि त्यांच्या पूर्वजांनी कधी काळी त्याच दगडात आपलं चर्च कोरलं. बांधलं नव्हे, कोरलं. लेणं कोरतात तसं. नको तेवढा दगड काढून टाकला, खांब तेवढे जागच्या जागी उभे ठेवले आणि जे उरलं ते चर्च. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत रांजणाजवळ बसल्यासारखं गार.

चर्चच्या अंगणात एक छोटी खोली आहे, भट्टीची. तिला सगळे बेथलेहेम म्हणतात, कारण त्या नावाचा अर्थच भाकरीचं घर. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेला, लागणारा पाव, म्हणजे कुर्बान, तिथेच मळायचा, तिथेच भाजायचा. ते काम दिमियानाच्या आजोबांचं, बिशाय आजोबांचं. गावात कुर्बान भाजणारे ते एकटेच.

आजोबांना एक सवय होती. कुणी काहीही ठासून सांगितलं की ते विचारायचे, "खात्री आहे की पाहिलंय?"

"आजोबा, बाहेर गरम वारा सुटलाय."

"खात्री आहे की पाहिलंय?"

"आजोबा, वारा कसा दिसेल?"

"धूळ दिसते ना? जा, धूळ बघून ये."

आणि दिमियाना खरंच जाऊन धूळ बघून यायची. ती कधी कंटाळली नाही, कारण तिचं बरोबर निघायचं आणि ते मोठ्यानं सांगायला तिला फार आवडायचं.

तर तो शुक्रवार. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास चालू होता. त्या दिवसांत मिस्सा सकाळी नसते, दुपारी असते, आणि कुर्बान घ्यायचा असेल तर तोवर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. त्याच सुमारास रमजानही आला होता. म्हणजे कड्यावरची अर्धी घरं दुपारपर्यंत उपाशी, उरलेली अर्धी सूर्य मावळेपर्यंत. गावातल्या कुत्र्यांनासुद्धा दिवसा तुकडा मिळेना.

लहान मुलांना यातून सूट असते. पण दिमियानाला सूट नको होती. तिचे बाबा, नाशेद, कैरोला फरशा बसवण्याच्या कामावर होते. नाताळला त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. आज मात्र त्यांच्या वस्तीतल्या चर्चची बस जबल अल-यमामच्या दर्शनाला येणार होती आणि त्या बसमध्ये बाबा होते. फोनवर ते म्हणाले होते, "शुक्रवारी आपण दोघं एकाच मिस्सेला कुर्बान घेऊ. पण सकाळपासून उपाशी राहवेल का तुला?"

"बाबा, पाणीसुद्धा नाही पिणार! तुम्ही बसमध्ये झोपू नका म्हणजे झालं."

शेजारच्या घरातल्या रबाबचाही तो पहिला पूर्ण रोजा होता. दोन घरांमध्ये एक बुटकी भिंत. सकाळी दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"तुझा दुपारी सुटणार," रबाब म्हणाली. "अर्धाच आहे तो. आमचा बघ, संध्याकाळपर्यंत."

"तू पहाटे उठून ताटभर फूल खाल्लंस. वास आमच्या घरात आला! मी रात्रीपासून उपाशी आहे." फूल म्हणजे तिकडची वालासारख्या दाण्यांची उसळ.

"रात्री झोपेत भूक लागते का कुणाला?"

"तुला लागते. तू झोपेत दात खातेस, तुझ्या आईनंच सांगितलंय."

हा वाद मिटायच्या आत आजोबांची हाक आली.

दोन दिवसांच्या गरम वाऱ्यानं भट्टीची खोली इतकी तापली होती की खमीर तिथे ठेवलं असतं तर आंबट ढाण झालं असतं. खमीर म्हणजे मागच्या कुर्बानाच्या कणकेतला राखून ठेवलेला गोळा. नवी कणीक त्याच्यानंच फुगते. म्हणून आजोबांनी ते मडकं घरी, मागच्या कातळातल्या कोनाड्यात ठेवलं होतं. त्याच्या शेजारी आईचं मडकं, रोजच्या भाकरीच्या खमिराचं. दोन्ही मडकी एकाच कुंभाराची, जुळी असावीत तशी. फरक पोटातला. रोजच्या भाकरीत मीठ असतं आणि कुर्बानात ते कधीच घालत नाहीत. म्हणून आजोबांनी आपल्या मडक्यावर कोळशानं ठसठशीत क्रूस काढून ठेवला होता.

"क्रूसवालं मडकं घेऊन ये," आजोबा म्हणाले.

दिमियाना धावत गेली आणि मडकं कवटाळून आली.

"बरोबर आणलंस ना?"

"बरोबर म्हणजे काय, एकदम बरोबर."

"खात्री आहे की पाहिलंय?"

"पाहिलंय! हा बघा क्रूस."

आजोबांनी पाहिलं. क्रूस होता. त्यांनी मान डोलावली, मनगटावरच्या गोंदलेल्या क्रूसाला ओठ लावले आणि परातीत पीठ ओतलं. मळताना आजोबा स्तोत्रं म्हणतात. एक ओळ त्यांची, पुढची उंबऱ्यावर बसलेल्या दिमियानाची. कणीक मऊ, गुळगुळीत झाली. त्यांनी ती झाकून ठेवली आणि दिमियानाला घरून एक धुतलेलं फडकं आणायला पाठवलं.

फडकं कोनाड्याजवळच्या दोरीवर वाळत होतं. ते ओढताना दिमियानाची नजर कोनाड्यात गेली. आत उरलेलं मडकं होतं.

त्याच्यावरही क्रूस होता.

"आई!"

आई, इन्साफ, कडेवर दिमियानाच्या छोट्या भावाला, कीरोला, घेऊन आली. "काय झालं? साप?"

"ह्याच्यावर क्रूस कुणी काढला?"

"मीच, काल. मामंजींच्या मडक्यावर पाहिला, म्हटलं आपल्या भाकरीला काय आशीर्वाद नको?"

"मग ह्यातलं आजोबांचं कुठलं होतं?"

"क्रूसवालं."

"आई, दोन्हींवर क्रूस होता!"

आईनं तोंडावर हात ठेवला. "मग... डावीकडचं त्यांचं. नाही, थांब. पहाटे मादाम आत घुसली होती, तेव्हा मी दोन्ही मडकी उचलून वर ठेवली आणि मग परत खाली ठेवली." मादाम म्हणजे त्यांची शेळी. "परत ठेवताना कुठलं कुठे गेलं ते मला काय ठाऊक? मी मादामला झाडूनं हाणत होते."

दिमियानानं उरलेलं मडकं उचललं आणि भट्टीच्या खोलीत नेऊन आजोबांपुढे ठेवलं. आजोबांनी मडक्यावरचा क्रूस पाहिला, मग परातीशेजारच्या मडक्यावरचा पाहिला, आणि सगळं ओळखलं. ते रागावले नाहीत. तिथेच पालथ्या टोपलीवर बसले.

"थोडंसं मीठ असलं तर चालणार नाही का?" दिमियानानं हळूच विचारलं. "मूठभरच तर खमीर घातलं."

"मीठ कशाला घालतात, सांग बरं."

"चवीला. आणि वस्तू नासू नये म्हणून."

"मग जे नासतच नाही, त्याला मीठ कशाला? म्हणून कुर्बानात घालत नाहीत. थोडं नाही आणि फार नाही." त्यांनी कणकेवरचं फडकं बोटानं उचललं आणि पुन्हा टाकलं. "वासावरून कळत नाही. हाताला कळत नाही. जिभेला कळेल. पण माझी जीभ आज माझी नाही. मी चाखलं तर माझा उपास मोडला, आणि उपास मोडलेल्या माणसानं कुर्बान मळायचा नसतो. मग हा चुकला असला तर दुसरा कोण मळणार?"

"ही कणीक चाखायचीसुद्धा नाही ना?"

"नाही, ती वेदीसाठी मळलीय. तिला हात नको. हे उरलेलं मडकं आहे ना, त्यातलं चाखलं तरी उत्तर मिळेल. हे खारट निघालं तर हे तुझ्या आईचं, म्हणजे तू बरोबर आणलं होतंस. हे अळणी निघालं, तर..." पुढचं दिमियानाला कळलं.

"मी आणते कुणालातरी," ती म्हणाली. "एवढं मोठं गाव आहे!"

पहिली साक्षीदार मादाम. शेळ्यांना मीठ आवडतं हे सगळ्यांना माहीत आहे. दिमियानानं खमिराचा एवढासा गोळा तिच्यापुढे धरला. मादामनं तो खाल्ला. मग फडक्याचं टोक खाल्लं आणि आईच्या चपलेकडे वळली. ही साक्ष कुणी मानली नसती.

मग कीरो. त्याच्या जिभेला बोट लावलं तर तो खुदकन हसला. पण गेल्या आठवड्यात साबणाला चाटूनही तो असाच हसला होता.

मग ती गावभर दारं ठोठावत पळाली, पण जाणती मुलंसुद्धा हट्टानं उपास धरून होती. शेवटी गल्लीत खेळणाऱ्या चार वर्षांच्या बुलुसला तिनं चिमूट चाखवली. "खारट आहे का रे?"

"हो!"

"की अळणी आहे?"

"हो! अजून दे."

उरली भिंत. रबाब सावलीत पाय पसरून बसली होती आणि तिचे ओठ कोरडे पडले होते. दिमियानानं सगळं सांगितलं. रबाबनं नीट ऐकलं, कारण गोष्ट खरीच मोठी होती.

"पाण्यात घालून उकळायचं," ती म्हणाली. "पाणी आटलं की मीठ खाली राहतं."

"पीठपण खाली राहील. आणि संध्याकाळ होईल तोवर."

"मग आमची आजी! तिला साखरेचं दुखणं आहे, ती रोजा धरत नाही." आणि लगेच तिचा चेहरा पडला. "पण तिला चव कुठे लागते? परवा माझ्या भावानं तिच्या चहात मीठ घातलं, तर म्हणाली, आज चहा झकास झालाय." मग भिंतीवरचा चुना नखानं खरवडत ती म्हणाली, "मी... मी चाखलं असतं गं. पण..."

"नको," दिमियाना म्हणाली. "तुझा पहिला आहे."

"तुझापण पहिलाच आहे."

एवढ्यात खालून भोंगा ऐकू आला. बस चढणीला लागली होती. त्या चढणीवर मोठ्या गाड्या पहिल्या वळणाला भोंगा वाजवतात. दिमियानाला तो आवाज पाठ होता. नाताळच्या आदल्या दिवशी तिनं तो संध्याकाळपर्यंत ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी वेगळीच गाडी निघाली होती.

ती परत भट्टीच्या खोलीत गेली. आजोबा तसेच बसलेले, डोळे मिटून. त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी तिला काहीही विचारलं नाही आणि काहीही मागितलं नाही. दिमियानानं त्यांच्याकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं. आता गप्प बसलं तर काय होईल? कणीक फुगेल, पाव भाजले जातील, बाबांच्या शेजारी उभं राहता येईल. आणि पाव बरोबर असल्याची तिला खात्री होती. अगदी पक्की खात्री.

पण पाहिलं नव्हतं. क्रूस पाहिला होता, मडक्यात काय आहे ते पाहिलंच नव्हतं.

तिनं मडक्यात हात घातला, चिमूटभर खमीर काढलं आणि तोंडात टाकलं.

'खारट लाग,' तिनं मनातल्या मनात त्याला सांगितलं. 'खारट लाग, खारट लाग.'

आधी आंबटपणा आला. मग पिठाची कच्ची चव. ती थांबली, जीभ टाळूला लावली, पुन्हा थांबली. मिठाचा मागमूस नव्हता.

"अळणी," ती म्हणाली. "आजोबा, हे आपलं आहे. मी आईचं आणलं."

आजोबांनी डोळे उघडले. "खात्री आहे की..." ते सवयीनं म्हणू लागले आणि मध्येच थांबले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात पिठानं भरलेला होता. "पळ. अबूनांना सांग, मिस्सा उशिरा सुरू होईल. आईला सांग, ही परात उचलून न्या आणि घरची चूल पेटवा. हिच्या भाकऱ्या करायला काही हरकत नाही. उरलेलं मीठ घाला म्हणावं."

अबूना बुक्तोर म्हणजे गावचे धर्मगुरू. उंच, रुंद, आणि आवाज असा की कोरीव चर्चमध्ये त्यांना कधी माइक लागला नाही. दिमियाना पोचली तेव्हा ते अंगणात बसमधून उतरलेल्या पाहुण्यांचं स्वागत करत होते. त्यांनी वाकून तिचं ऐकलं आणि सरळ होऊन सगळ्यांना सांगून टाकलं, "मिस्सा आज तीन तास उशिरा."

चष्मा लावलेले एक गृहस्थ पुढे आले. "अबूना, आम्ही रात्रीपासून पाणीही घेतलेलं नाही."

"मग तुमचा उपास आमच्याहून चांगला चाललाय. मध्येच कशाला मोडता? आत जा, गार आहे. खांबाला पाठ लावून बसा. तो खांब तुमच्या पणजोबांच्या पणजोबांपेक्षा जुना आहे, त्यानं कधी जेवणाचं विचारलं नाही."

लोक हसले. गृहस्थही हसले, जरा उशिरानं.

बाबा सगळ्यांत शेवटी उतरले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बुटांचं खोकं. दिमियानानं खोक्याकडे पाहिलंही नाही.

"बाबा, मी आज कुर्बान नाही घेणार."

बाबा खाली उकिडवे बसले. "पाणी प्यालीस? काही हरकत नाही गं, उन्हातान्हात..."

"पाणी नाही प्याले! चिमूटभर खमीर खाल्लं. बिनमिठाचं. आईनं तिच्या मडक्यावरपण क्रूस काढला आणि मी दुसरं मडकं बघितलंच नाही, आणि आजोबांना चाखता येत नव्हतं, आणि मादामला काही कळत नाही." एवढं सांगून तिनं बाहीला नाक पुसलं.

बाबांनी तिचं सगळं ऐकलं. मग तिच्या केसांतलं पीठ झटकलं. "म्हणजे आज मी जो कुर्बान घेणार, तो बरोबर आहे हे तुझ्यामुळे कळलं."

"पण शेजारी उभं राहायचं होतं."

"हो गं," बाबा म्हणाले. "मलापण."

नवी कणीक त्या उकाड्यात भराभर फुगली. आजोबांनी गोळे केले, लाकडी ठसा दाबला, ठशाभोवती काडीनं पाच भोकं पाडली, आणि भट्टीतून पाव निघाले ते असे की आजोबा स्वतःशीच "हं" म्हणाले. ते चांगल्या पावालाच तसं म्हणतात. मिस्सा सुरू झाली तेव्हा ऊन नदीपलीकडे झुकलं होतं. झांजा वाजल्या की त्या कातळात आवाज गोल फिरून पुन्हा आपल्याकडे येतो. तो आला की पुढची ओळ म्हणायची. पाहुण्यांना ते ठाऊक नव्हतं. ते आधी घाई करत होते, मग हळूहळू त्यांनाही जमलं.

कुर्बान घ्यायला रांगा लागल्या. पुरुषांच्या रांगेत बाबा, बायकांच्या रांगेत आई, कडेवर कीरो; मुलांना कुठल्याही रांगेत चालतं. दिमियाना खांबाजवळ उभी राहिली. बाबांनी जाताना एकदा वळून तिच्याकडे पाहिलं, आणि ती मान ताठ करून उभी राहिली.

सगळे बाहेर आले तेव्हा पश्चिम लाल झाली होती. आईनं चुलीवरून काढलेल्या भाकऱ्या भिंतीवर रांगेनं ठेवल्या होत्या. आजोबांच्या परातीतली कणीक, वर भरपूर मीठ. शिजवलेल्या फूलची मोठी पातेली. चष्म्याचे गृहस्थ तिसरी भाकरी खात म्हणाले, "बाई, असली भाकरी कैरोत मिळत नाही."

"तिच्यात आशीर्वाद आहे," आई म्हणाली आणि डोक्यावरचा रुमाल सारखा करायला वळली.

भिंतीपलीकडे रबाब तिच्या घरच्यांबरोबर खजुराची थाळी पुढे घेऊन बसली होती. आई तिकडेही भाकऱ्या देऊन आली. अजान झाली. रबाबनं खजूर तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले.

"मी जिंकले," ती भरल्या तोंडानं म्हणाली.

"जिंकलीस," दिमियाना म्हणाली. "पण खमिरानंतर मीपण काही खाल्लं नाही. अजूनपर्यंत."

रबाबनं डोळे उघडले, विचार केला आणि थाळी भिंतीवरून पुढे सरकवली. "चिमूटभर हरलीस."

बसनं भोंगा दिला. बाबा निरोप घ्यायला आले.

"पुढच्या शुक्रवारी येतो. तेव्हा घेऊ बरोबर."

"खात्री आहे की पाहिलंय?"

मागे उभे असलेले आजोबा खोकले. खोकला नव्हता तो. बाबांनी एकदा आपल्या वडिलांकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि खिशातून फोन काढला. मुकादमाला फोन लावला. अंगणाच्या टोकाला जाऊन बराच वेळ बोलले, हातवारे केले, एकदा "माझ्या मुलीसाठी" असं मोठ्यानं म्हणाले. मग परत आले.

"पाहिलं," ते म्हणाले. "गुरुवारी रात्री निघतो."

बस वळणावरून खाली गेली. पहिल्या वळणाला भोंगा वाजला, तो दिमियानानं नीट ऐकून घेतला.

घरी आई कोनाड्यापुढे उभी होती. दोन्ही मडकी परत जागेवर आली होती. "आता ह्याचं काय करायचं?" आई म्हणाली. "माझ्या मडक्यावरचा पुसून टाकू का?"

"क्रूस कुणी पुसतं का?" आजोबा म्हणाले.

"मग पुन्हा असंच होईल, मामंजी."

दिमियानानं चुलीतला विझलेला कोळसा उचलला. दोन्ही मडक्यांत वाकून पाहिलं, हुंगलं. मग आईच्या मडक्यातली चिमूट जिभेवर ठेवली आणि खारट लागल्यावर तोंड वाकडं केलं. एवढं झाल्यावर ती मांडी घालून बसली आणि त्या मडक्यावर, क्रूसाच्या अगदी शेजारी, तिनं दाढीवाली एक मोठी शेळी काढली.